आज वस्तरा नाही

पूर्ण दाढी पहिल्यांदा करू दिली वेल्देआबने
ती स्वतःचीच.
अस्माराची सकाळ, डोंगरावरची थंडी दुकानात शिरलेली,
आणि जुन्या इटालियन खुर्चीत मान टाकून तो असा बसलेला,
की पोरसवदा हाताखाली गळा देणं
ही जणू रोजचीच बाब.

मी श्वास धरून केली.
संपल्यावर वाटलं, जमली की.
त्यानं आरशात पाहिलंसुद्धा नाही.
गार पाणी मार, म्हणाला. आता तुरटी दे.

ओली तुरटी त्यानं आपल्याच हातानं फिरवली,
कानशिलापासून हनुवटीपर्यंत,
अंधारात भिंत चाचपावी तशी.
इथं. जबड्याच्या वळणावर घाई केलीस.
इथं दाबलास.
आणि इथं, कंठाच्या खाली, उलटा फिरवलास वस्तरा,
शंभरदा सांगून.
तीन जागा, तिन्हींत रक्ताचा थेंब नाही.
"रक्त काय, कुणालाही दिसतं,"
एवढंच बोलून त्यानं तोंड टिपलं.
टिपलं. पुसलं नाही.
खसाखसा पुसणाऱ्या माणसाला तो मुलगी देणार नाही.

टँकर परवा येणार होता.
पिंपात उरलं ते सगळं पाणी टॉवेलांसाठी,
आम्ही हात ओल्या फडक्यालाच पुसत होतो.

दुपारी तेकेस्ते आला.
अकरा वर्षांनी, परदेशी बूट घालून,
खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला,
गुळगुळीत करा. उद्या सेनाफेला जातोय, आईकडे.

वेल्देआबनं त्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली.
मानेवर पुरळच पुरळ, मुगाएवढ्या गाठी,
जुन्यांचे काळे डाग, नव्या लालबुंद,
कॉलर लागून एक फुटलेली.
कुठं करायचास?
कामावर जायच्या आधी. पहाटे चारला, गार पाण्यानं.
रोज?
रोज. खुंट दिसलेले चालत नसत त्यांना.
आणि पातं?
महिन्याला एक.

मग वेल्देआब माझ्याकडे वळला, मलाच शिकवतोय असा:
बघ, आपला केस कुरळा.
फार खोल कापला की बाहेर येतायेताच वळतो
आणि आपल्याच कातडीत परत शिरतो.
कातडी त्याला ओळखत नाही.
काटा रुतलाय समजून सुजते.

तेकेस्ते आरशाकडे बघत होता, आरशात नाही.

आज वस्तरा नाही, वेल्देआब म्हणाला.
अहो, पण आई—
आज वस्तरा नाही.

मी टॉवेल पिळला, वाफ हातावर आली.
घासू नकोस, नुसता ठेव, तळहात वर असू दे,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
ठेवला.
टॉवेलाखाली तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, अजून एक मिळेल का?
पहिला अजून गरमच होता.
मी दिला.

दाराशी तेलाच्या डब्यात कोरफड लावलीय,
तिचं एक पान कापलं, पिवळा चीक निथळू दिला,
आतला गर बोटानं, गाठींच्या आसपास,
गाठींवर दाब न देता,
माझं बोट थरथरलं, वेल्देआब काही बोलला नाही,
म्हणजे बरोबर असावं.

पैसे किती?
कसले? वस्तरा कुठं लावला?
पंधरा दिवसांनी ये. केसाला बाहेर येऊ दे आधी.
आणि आईला सांग, न्हाव्यानं नाही म्हटलं.

तो गेला. खुंटासकट, मान उघडी टाकून,
कॉलरची दोन बटणं सोडलेली.

संध्याकाळी फळी लावता लावता
पानातला उरलेला गर मी घेतला
आणि न विचारता वेल्देआबच्या जबड्याला लावला,
सकाळच्या जागेवर.
त्यानं डोळे मिटले.
तिथं नाही, म्हणाला.
जरा खाली.