चेंबर नंबर चार

सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरमध्ये
आम्ही अंतराळयान बांधलं.
पांढऱ्या पफच्या भिंती आयत्याच होत्या,
आणि जाड दार मिटताना फुस्स करायचं,
ते अगदी यानासारखं.
बाकी थर्माकोल, भंगारातले स्कूटरचे मीटर,
आणि बोंडेशेठची अट: मार्चपर्यंतच.

मालिका माझी. म्हणजे लिहिणं माझं;
दिवसा मी तिथंच क्रेट मोजतो.

कप्तान नाशिकहून आणला, गोरा,
जाण्यायेण्याचं भाडं देऊन.
परग्रहवासी मात्र घरचाच,
पालहून हमालीला येणारा गेंदाराम पावरा.
हिरवा रंग कालवत होतो तेव्हा कुणी म्हणालं,
याला कशाला रंग, हा असाच चालंल.
सगळे हसले.
मीही हसलो. ते इथं लिहून ठेवतो,
पटकथेत नाही.

पहिले तीन भाग पाहून भुसावळचे डिक्रूझकाका,
रेल्वेतले निवृत्त गार्ड, एवढंच बोलले:
तीनशे वर्षांनंतरचं म्हणता,
मला तर चावडी दिसली.
खुर्चीत तोच, दाराशीही तोच.

मग आम्ही शहाणे झालो. जरा जास्तच.
प्रत्येक समाजातला एकेक घेतला,
मंत्री येणार असला की व्यासपीठावर घेतात तसा.
ओळीनं उभे केले, प्रत्येकाला एक वाक्य:
हो कप्तान.
इंधन संपतंय कप्तान.
उल्का, कप्तान!
खोक्यात फण्या भराव्यात तसे दिसले,
एका मापाचे, वर स्टिकर.
हे तीन भाग आधीच्या तिन्हींहून वाईट.
काहींना त्याचा फार आनंद झाला.
बघ म्हणाले, सगळ्यांना घेतलं की असं होतं.

मी जेवणावरून उठलो त्या दिवशी.
माणसं नऊ होती, वाक्यं नऊ होती,
आणि नऊच्या नऊ वाक्यं
एकट्या माझ्या तोंडची.

जुबेदा तडवी दर दोन तासांनी
चेंबरचं तापमान वहीत टिपते.
उल्का तिच्या वाट्याला आली होती.
कॅमेरा चालू, आणि ती थांबली.
एक इचारू?
या यानात भांडे कोन घासतं?

यंत्रमानव, कप्तान म्हणाला.
अन् त्याले पानी कुठून?

सहा भाग झाले होते.
एक सूर्य फोडला होता आम्ही, दोन चंद्र.
कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं.

त्या रात्री क्रेटच्या पावत्यांमागं
मी पहिल्यांदा काही लिहिलं:
टाकीत अकरा दिवसांचं पाणी,
मुक्काम बावीस दिवसांवर,
आणि मापाचा पेला कुणाच्या हाती?
गेंदाराम म्हणाला, माझ्या.
तोंड धुऊन आला होता, कानामागं हिरवं राहिलं होतं.
आठव्या भागात त्यानंच पाणी चोरलं.
इतकं सुरेख चोरलं, की पाहणाऱ्यांनी शिव्या घातल्या,
त्याला, नावानिशी.
तो खूश होता. मी त्याहून.
आधी त्याला वाईट होण्याचीही सोय नव्हती.

मालिका चांगली झाली का, विचाराल तर
उजेड कमी होता, उल्का दोऱ्यासकट दिसायची,
आणि दहाव्या भागात मागून ट्रॅक्टर ऐकू येतो.
शेवट राहिलाच. मार्च आला.
पाणी पुरलं की नाही, मला अजून लोक अडवून विचारतात.
मला माहीत नाही.
नवांपैकी कुणाला तरी माहीत असेल.

यान आता माळ्यावर आहे.
चेंबरमध्ये चार दिवसांत हिरव्याचं पिवळं होतं,
सगळं एका छटेचं, बाजाराला तसंच लागतं.
काल जुबेदा आत गेली, वही घेऊन.
दार मिटायच्या आत तिचा आवाज आला, ठणठणीत:
सोळा अंश!

हातातला क्रेट तसाच धरून
हो कप्तान, म्हणालो मी.
तोवर फुस्स झालं होतं.