हाफ क्लच

बीकन हिलच्या चढावर, दुसऱ्या सिग्नलपाशी,
गाडी पहिल्यांदा थरथरली.
खडखड नव्हे, खडखड मला ओळखू येते.
हे भिजलेलं कुत्रं अंग झाडतं तसं,
पायापासून सुरू होऊन आरशापर्यंत.
मागे ब्रेडची व्हॅन होती. तिने हॉर्न दिला नाही,
म्हणजे तिलाही दिसलं असणार.

माझी चूक कुठे असेल याचा मला अंदाज होता,
म्हणून आधी बाकीच्या सगळ्या जागा तपासल्या.
क्लचचं फ्लुइड कोऱ्या चहासारखं झालं होतं, ते बदललं.
शेजारच्या बेथनीला आत बसवून
दाब, धर, सोड,
दाब, धर, सोड,
बुडबुडे थांबेपर्यंत.
पेडल घट्ट झालं. थरथर तशीच.
इंजिनाचे माउंट बघितले: लाल, टणक, मीच निवडलेले,
काही पोटात न ठेवणारे,
जे घडेल ते थेट हाडापर्यंत पोचवणारे.
मग वही केली. आई आमच्या तापाची लिहायची तशी:
किती वाजता, किती, कशानंतर.
गाडी थंड असताना कमी.
चार चढ झाल्यावर जास्त.
रिव्हर्सला सगळ्यात वाईट.

कंपनीचा क्लच चांगला होता, लोण्यासारखा.
मला लोणी नको होतं.
आधी टर्बो घातला, मग हलकं फ्लायव्हील,
मग सहा पाकळ्यांची ती तांबूस प्लेट.
एकेक वस्तू आपल्या जागी बरोबर,
आणि सगळ्यांचा भार माझ्या डाव्या गुडघ्यावर.
दिवसभर हॉस्पिटलात लोकांचे गुडघे वाकवते मी,
हळू, घाई नको, दुखलं की थांबा.
आणि स्वतःच्या गुडघ्याला बाशिंग.

शेवटी ऑल्डरॉइडकडे गेले.
हॅलिफॅक्सच्या गालिच्याच्या गिरणीत त्याने माग सांभाळले होते,
गिरणीत आता फ्लॅट आहेत.
शेजारच्या सीटवर बसला,
गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून, नाडी बघतात तसा.
किती मैल झाले बसवून?
साठ.
आणि सांभाळून किती चालवायची होती?
पाचशे.
तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर मेंढ्या होत्या.
बेडिंग-इन, एवढंच म्हणाला.
मला कैरीची बरणी दिसली,
चौथ्याच दिवशी आत घातलेला चमचा,
आणि हातावर बसलेला फटका.

शनिवारी गिअरबॉक्स खाली आला.
फ्लायव्हीलवर निळे डाग,
तापून गेल्याचे, मार लागल्यासारखे.
ते अपेक्षित होतं.
पण एका पाकळीच्या कडेला, घासणं पोचत नाही तिथे,
ग्रीसमध्ये उमटलेला अंगठा,
आणि त्याच्यापासून आत जाणारा काळा ओघळ.
ऑल्डरॉइडने टॉर्च धरला. मी माझा अंगठा शेजारी धरला.
चक्र. रेष न् रेष जुळली.
लहानपणी आम्ही बोटं मोजायचो, शंख किती, चक्रं किती;
चक्रवाल्याचं नशीब मोठं म्हणायचे.
प्लेट धरण्यापूर्वी हात पुसायचे असतात,
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
तो हसला नाही. मी हसले, थोडं मोठ्याने.

जातं बोथटलं की टाकी लावून खरबरीत करतात.
इथे उलट, लेथवर केसभर कापून सपाट.
हेतू एकच,
पुन्हा पकडता यावं.

आता दोनशे चाळीस मैल झालेत.
गाडी ओढत नाही, ताणत नाही, सिग्नलला शर्यत नाही;
पाय उचलताना मनात पेशंटला सांगते तेच सांगते.
थंड सकाळी अजून एक बारीक शहारा येतो.
हलक्या फ्लायव्हीलला एवढा असतोच, म्हणे,
तो जाणार नाही.
बीकन हिलला कधीकधी मागे तीच व्हॅन येते,
आणि एक गाडीभर अंतर सोडून थांबते.