माया ठेवायची नाही

झाकोपानेत बर्फ अजून पुरता वितळलेला नसतो
तेव्हा पोरी येतात मापं द्यायला.
तीस वर्षं मी स्की-उडीचे सूट शिवते.
नियम कडक. कापड अंगालगत,
बोटभर जादा निघालं तर उडी बाद.
म्हणून शिवणीत माया ठेवायची नाही.

हाल्श्काचं पहिलं माप वहीत आहे.
तेरा वर्षांची. मांडी बावन्न.
टेप गुंडाळताना खिदळली होती.
खिशातून धुरावलेल्या चीजचा तुकडा काढून
माझ्या टेबलावर ठेवला,
त्याचा तेलकट डाग अजून जात नाही.

पुढच्या वर्षी पन्नास.
मग साडेसत्तेचाळीस.
वाढत्या अंगाची पोर, आणि मी
दरसाल कापड आत घेत चालले.

कोच म्हणायचा, किलो उतरला की मीटर वाढतो.
हातातली नोट मोडून सुटे घ्यावेत
तसं तिने स्वतःला मोडून
मीटर घेतले.
टेकडीवरून पोरीला सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलं
आणि टाळ्या वाजवल्या.
मीही.

मला दिसत नव्हतं असं नाही.
मे महिन्यात दोन स्वेटर. जांभळी नखं.
पाठीवर पिलासारखी बारीक लव,
उपाशी शरीर स्वतःच विणतं म्हणे पांघरूण.
"पाळी?" खडूने खूण करता करता विचारलं.
"दीड वर्ष झालं. कटकट गेली."
मी गुडघ्यांवर बसले होते, ओठांत टाचण्या.
त्या काढून बोलायला हवं होतं.

हाड मोडलं ते उडीत नव्हे.
बसच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना.
वय एकोणीस, आणि तपासणीत हाडं
माझ्या वयाची निघाली.
नाडी मिनिटाला अडतीस.
लोक म्हणाले, नशीब.
मी वही उघडली.
सहा वर्षांचे आकडे, एकाखाली एक,
सगळे माझ्या अक्षरात.

ऑक्टोबरात ती कुबड्या घेऊन आली.
बहिणीच्या लग्नासाठी साधा कोट हवा होता.
टेप फिरवताना हसली नाही.
"तुमचे हात किती गरम आहेत," एवढंच.
आकडा मी मोठ्याने वाचला नाही.

दोन्ही कुशींना चार-चार बोटं माया सोडली.
"एवढं कापड आत कशाला दुमडताय?"

मी ओठांतल्या टाचण्या
एकेक करून उशीत खोचल्या
आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.