साडेदहानंतर

शेवटचा पेशंट गेला की या,
मागच्या दारानं, म्हटलं होतं मी.
सात रस्त्यावरचं आमचं सेंटर माणसांचं.

नरसम्मानं पट्टा सोडला, घुंगरू सोडलं,
स्वतःची जोडवीही काढली, कुणी विचारलं नसताना.
भुलीतल्या नल्ल्याला टेबलावर ठेवलं,
विड्यांचं भरलं सूप ठेवावं तसं.

महिनाभर तो डावीकडेच फिरायचा,
अंगणात, गोल.
शेजारी म्हणाले, बाधा.

मशीन ठोकत राहिलं,
तिच्या गल्लीतल्या मागांसारखं.
मग शिरेतून औषध चढवलं
आणि करड्या मेंदूत, डाव्या अंगाला,
उजळला एक दाणा.
शाळूचा. टपोरा.

"इथं," डॉक्टर म्हणाल्या.

नरसम्मानं पडद्यावर बोट टेकवलं.
मग पदरानं
पुसून पाहिलं.