तुरटी

तीन मायक्रॉनची फीत पात्यावरून सुटते
आणि कोमट पाण्यावर पसरते.
काच तिरपी बुडवून ती उचलायची, श्वास धरून.
कुणाचं यकृत, कुणाचा गाल आतल्या बाजूचा.
रंगाआधी काहीच दिसत नाही,
काचेवर कुणी फुंकर मारून गेल्यासारखं, एवढंच.

बेलापूरला, सेक्टर अकरात, बँकेच्या वरच्या मजल्यावर
एकवीस वर्षं हेच करते मी.
झायलिनमध्ये मेण उतरवायचं,
अल्कोहोलच्या पायऱ्या उतरत पाण्यापाशी यायचं,
मग हेमॅटॉक्सिलिन, आठ मिनिटं.
हा रंग लांबच्या कुठल्या दलदलीतल्या झाडाच्या गाभ्यातून येतो,
पण एकटा तो कशालाच धरून राहत नाही.
त्यात तुरटी लागते.

तुरटी!
बापूस दाढीनंतर गालावर फिरवायचा तीच,
गढूळ हंड्यात आई दोनदा फिरवून काढून घ्यायची तीच.
शिकाऊ होते तेव्हा बाटलीवर वाचून मला हसू फुटलं,
कामेरकर डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

दिवाळ्याला, खाडीकाठी, बापूस ऐनाची साल उकळायचा.
रात्रभर.
सकाळी सुती जाळं त्यात बुडवायचं, पायांनी तुडवायचं,
बांबूवर वाळत टाकायचं.
सालीला तुरटी नको, ती जातीचीच तुरट, म्हणायचा.
रंग दिसायला नसतो, पोरी,
कुजू नये म्हणून असतो.
मग नायलॉन आलं
आणि कढई भंगारवाल्याने किलोवर नेली.

माझा रंग मात्र दिसण्यापुरताच.
न कुजण्याचं काम फॉर्मालिनने आधीच केलेलं असतं,
जिथल्या तिथे सगळं थांबवून.

केंद्रकं आधी तांबूस असतात.
नळाखाली धरली की सावकाश निळी होतात.
पुस्तकात लिहिलंय 'वाहतं पाणी',
कुठलं ते लिहिलेलं नाही.
आमच्याकडे मोरबे धरणाचं येतं, ते चालतं.
ज्या शुक्रवारी येत नाही
त्या शुक्रवारी वाटीभर पाण्यात अमोनियाचे दोन थेंब.
नंतर इओसिन, गुलाबी, जत्रेतल्या कापूस-मिठाईचं.
ते बोटांवरून दोन दिवसांत जातं.
जांभळं नखांच्या कडांना राहतं.
भाचीच्या हळदीत करवल्या ओरडल्या,
आत्या, तू लांबूनच लाव,
नवरी जांभळी होईल!

मागच्या चैत्रात बापूस साखर तपासायला आला.
दुपारची वेळ, कुणी नव्हतं.
शिकवायची एक जुनी स्लाइड लावली त्याच्यासाठी,
यकृताची, चांदीच्या क्षाराने रंगवलेली.
त्यात पेशींकडे लक्षच जात नाही,
पेशींना धरून ठेवणारे काळे धागे तेवढे दिसतात.
त्याने एक डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच ठेवला.
मग हवेतच बोट हलवत म्हणाला,
"डावे बाजूला आस बारीक हाय, बरा इणलाय.
हयाँ फाटलाय.
कोनी शिवला नाय."
फाटलं होतं तिथेच गाठ होती.
मी काही बोलले नाही, त्याचा चहा गार होत होता.

आज काउंटरवर एक माणूस आला, हातात पावती,
घडी घालून घालून मऊ झालेली.
बाई, तुम्हीच बघता ना आत? कसंय?

बघते.
सकाळीच पाहिलं होतं,
निळं नको तेवढं दाटलेलं,
एकाच्या अंगावर दुसरं, एकही दुसऱ्यासारखं नाही.
पण सांगायचं काम माझं नाही,
सही कामेरकरांची असते, सोमवारी.

रंग नीट चढलाय, मी म्हणाले.

त्याला ते बरं वाटलं.
पावती खिशात ठेवून तो जिना उतरला,
एका हाताने कठडा धरत.

आत येऊन नळ सोडला.
नुसती हवा खाकरली.
मी अमोनियाची बाटली शोधू लागले.