डावी बाजू

डबा उघडला तेव्हा वाटलं, आत काही नाहीच.
पातळ कागदाची घडी, काळी वायर
आणि दोन चकत्या,
थंडीच्या कोटाची बटणं असतात तेवढ्या.
डोक्यावरून जाणारी पट्टी नाही.
प्रत्येक चकतीला एक आकडा, तो कानामागे अडकवायचा.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं:
बेचाळीस ग्रॅम. लहानशा अंड्याहूनही कमी.

तिथे आधीपासून चष्मा राहतो,
बत्तीस वर्षांचा भाडेकरू.
दोघांची जरा धक्काबुक्की झाली.
कानामागून आली नि तिखट झाली
ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं;
वीस मिनिटांत वरची कड चुरचुरायला लागली.

आवाज?
मी हमामात्सुच्या एका कारखान्यात पियानो सुरात लावते,
एकतीस वर्षं,
त्यामुळे आवाजाबद्दल मला चटकन बोलता येत नाही.
खर्ज पातळ आहे, पाणी वाढवलेल्या सुपासारखा.
पण वरचे स्वर धुतल्यासारखे.
पहिल्या स्वराआधी वादकाने घेतलेला श्वास ऐकू आला,
मग स्टुलाची कुरकुर,
मग पेडल सोडताना तारांवर परत बसणारी लोकर.

आणि हे कानाला झाकण लावत नाहीत.
संगीताच्या फटींतून घर आत येत राहतं:
किटलीची धुसफुस,
शेजारच्या ओबाताबाईंचं चादरी झटकणं,
संध्याकाळी पालिकेच्या भोंग्यावर
पोरांना घरी धाडणारी ती धून,
जिचा तिसरा स्वर मला वर्षानुवर्षं टोचतो.
आवडलं मला हे.

फक्त डावी बाजू दबकी.
फार नाही, कुणी दाराआडून बोलावं तेवढी.
उजवीकडे तार वाजत होती,
डावीकडे तीच तार, लोकर पांघरून.

स्वस्तातला माल, मी म्हटलं.
पावती शोधली.
शनिवारी बसने स्टेशनजवळच्या दुकानात गेले.
काउंटरवर एक पोरगा, छातीवर नाव इनागाकी,
नखं कुरतडलेली.
त्याने डोळे मिटून ऐकलं,
मग कसल्याशा डब्याला जोडून सुई पाहिली.
दोन्ही सारख्या आहेत, म्हणाला,
तरी बदलून देऊ का,
आणि वाकला, जणू चूक त्याचीच.

मी म्हटलं, थांब.
आणि या कानाचं त्या कानाला केलं:
डावी चकती उजव्या कानावर, उजवी डाव्यावर,
आकडे उलटे, वाकडे,
चष्मा हातात.

तार उजवीकडेच वाजली.

छान आहेत, मी म्हटलं, ठेवते.
तो पुन्हा वाकला. मी त्याच्याहून खाली वाकले.

परतीच्या बसमध्ये हिशेब केला.
गेल्या वर्षी माझ्या हातून दोनशे अकरा पियानो गेले.
कुठल्या कुठल्या बैठकीत ते आता उभे असतील,
वर फोटो, दमट हात लावणारी मुलं,
आणि सगळ्यात उजवीकडची ती शेवटची दीड सप्तकं.
गेल्या महिन्यात चिहाया, माझ्या हाताखालची,
एका तारेपाशी थबकली होती.
जरा चढा वाटतो का हा, तिने विचारलं,
मला नव्हे, तारेलाच विचारावं तसं.
तुझे कान अजून कच्चे आहेत, मी म्हणाले.
तिने होय म्हटलं आणि मान खाली घातली.
मी तेव्हा कानाडोळा केला.
डोळ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

सोमवारी तिला म्हटलं,
आजपासून माझ्या डावीकडे उभी राहा.
आणि चढा वाटला की सांग. मोठ्याने.
का, ते तिने विचारलं नाही.
दुपारपर्यंत तिने चार वेळा सांगितलं.
तीनदा तिचं बरोबर होतं.

बाकी, वायर जरा आखूड आहे.
खिशापर्यंत पोचते, पिशवीपर्यंत नाही.