पाय वाजू नयेत

मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याची वाटी
जिना उतरताना माझ्याशी बोलू लागली.
रावपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, पोहा, सायकल चालवा,
वय काय तुमचं? शेहेचाळीस? मग!
त्या 'मग'चा राग येऊन
दुसऱ्याच दिवशी मी पोलो ग्राउंडवर
दात आवळून दोन फेऱ्या जास्त मारल्या.

बाकावर पागे बसले होते,
कानटोपी वर सरकवलेली, डोळे मिटलेले.
तिसऱ्या फेरीला म्हणाले,
"बाई, कुणाशी भांडताय?"
मी थांबले. "मी? कुणाशी नाही."
"मग जमिनीला का मारताय?
डावा पाय तर थोबाडीत दिल्यासारखा वाजतो."

आजोबा त्यांचे सरकारी पागेत. आडनाव तिथलंच.
घोडे गेले, पागा गेली,
तिथे आता कसलंसं गोदाम आहे.
पण कान घरात राहिले.
आजोबा म्हणे अंधारात टाप ऐकून सांगत
कोणत्या जनावराचा नाल सैल आहे,
कोणता स्वार पाठीवर पोत्यासारखा बसलाय.

"लगाम चावणारा घोडा आधी थकतो. दात सोडा."
मी दात सोडले.
खांदे आपसूक कानांपासून खाली आले,
तासभर उभ्या पाहुण्याला
कुणी एकदाचं 'बसा' म्हणावं तसे.

"आणि मुठीत काय आहे?"
"काही नाही."
"म्हणून तर आवळताय. काहीतरी धरा."
वडाखालून एक लाल फळ उचललं, पिकलेलं, गोटीएवढं.
ते धरून पळायचं, आणि फुटू द्यायचं नाही.
आठवडाभर चिकट तळवे घेऊन घरी गेले.
"हे काय?" नवऱ्याने विचारलं.
"वडाचं फळ."
त्याने पुढे विचारलं नाही.

पाय पुढे फेकू नका, तिथे काही नाहीये.
आपल्या अंगाखालीच टेका, लहान लहान,
उकिडवं बसून रांगोळीचे ठिपके टाकतात तसे.
चढ असल्यासारखं किंचित पुढे कला,
पण कमरेतून नाही, घोट्यातून.
हे सगळं त्यांनी एका दिवसात सांगितलं नाही.
कधी चार दिवस नुसतेच बसून राहिले,
मी समोरून गेले की मान हलवली. नाही.

मुलीने दिलेलं घड्याळ मनगटावर थरथरायचं,
मागे पडलीस, मागे पडलीस.
एका सकाळी ते कपाटात मोज्यांमध्ये ठेवलं.
अजून तिथेच आहे. थरथरत असेल.

पौषात विश्वामित्रीवरून धुकं यायचं,
काठावर मगरी पडलेल्या असतील
त्याच गारठ्यात, काहीच न करता.
वळणावरचा एककान्या कुत्रा
रोज माझ्यावर धावून यायचा.
त्या दिवशी मी त्याच्या अगदी शेजारून गेले
आणि त्याचा तो एक कान नुसता हलला.
पहिल्यांदाच मला कळलं
की शेव-उसळीचा रस्सा सहा वाजताच उकळायला लागतो,
की वडाच्या पारंब्यांतून वारा जातो
तेव्हा आवाज वाऱ्याचा नसतो, पारंब्यांचा असतो.
श्वास मोजत नव्हते. तो आपला येत होता.
कितवी फेरी, तेही विसरले,
आणि विसरल्याचं वाईट वाटलं नाही.

गुडघा अजून बोलतो, जिन्यावर,
विशेषतः दळण घेऊन उतरताना.
पण आता शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही
इतपत आवाजात. मीही थांबून ऐकते.

चहाच्या गाडीपाशी पागे उभे होते, पाठमोरे.
बशीत फुंकर मारत चहावाल्याला म्हणाले,
"आज त्या बाई आल्या नाहीत वाटतं."
मी त्यांच्या मागे, दोन हातांवर, घामाघूम.
चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं.
मी ओठांवर बोट ठेवलं,
आणि त्याने पुढे केलेला कप
डाव्या हाताने घेतला.
उजव्या हातात फळ होतं.